पाहुण्या बाईंचा हुरडा

परवा भाच्यानं गावाकडून हुरडा पाठवला. चोळून, पाखडून, स्टीलच्या डब्यात भरून. वर चिठ्ठी, ‘आत्या, तव्यावर जरा गरम करून खा.’ भाच्याचं प्रेम खरं, पण हुरडा डब्यातून घरपोच यावा म्हणजे कमालच झाली. हुरड्याकडे माणसानं जायचं असतं. तरी मी मुकाट्यानं तवा ठेवला. वास सुटला आणि मी गॅस बारीक करून तिथेच उभी राहिले, इतकी की खालचे दाणे करपले.

सोलापूरची थंडी म्हणजे गडबडीतली माहेरवाशीण. आली आली म्हणेपर्यंत निघालेली असते. मार्गशीर्ष-पौषाचे ते चाळीस-पन्नास दिवस काय ते आमच्या वाट्याचे. पहाटे ओठ फुटतात, दुपारी पुन्हा डोक्यावर ऊन असतंच. पण त्याच दिवसांत ज्वारीचा दाणा दुधातून बाहेर पडून जरा घट्ट होतो, हिरवा, नखानं दाबला तर दबणारा. आठवडा-दोन आठवडे तो तसा राहतो. त्यानंतर त्याची ज्वारी होते, आणि ज्वारीची मग भाकरीच होते. या एवढ्याशा फटीत आमच्याकडे माणसं एकमेकांना शेतात बोलावतात. का बोलावतात, हा प्रश्न मला बारा वर्षांची होईपर्यंत पडलाच नव्हता. तो मला विचारला एका परदेशी बाईनं, आणि त्याचं उत्तर देता देता माझं शिक्षण जाता जाता राहिलं.

त्यांचं नाव मिस डंकन. पण शाळेत त्यांना सगळ्या ‘पाहुण्या बाई’ म्हणत, कारण त्या स्कॉटलंडहून दोनच वर्षांसाठी आमच्या मुलींच्या शाळेत शिकवायला आल्या होत्या. उंच, हाडापेरानं मोठ्या, चालायला लागल्या की आम्हाला पळावं लागे. जूनमध्ये त्या आल्या आणि जूनमध्येच मी खेड्यातून मामाकडे शिकायला आले. त्यामुळे त्यांचं मराठी आणि माझं इंग्रजी एकाच वयाचं होतं, सहा महिन्यांचं. दोन्ही रांगत होती. कदाचित म्हणूनच आमचं जमलं.

बाईंना सगळ्याच गोष्टींचं कुतूहल. त्यांच्याजवळ एक निळी वही असायची आणि त्यात त्या आमच्याबद्दल काय काय लिहीत. कुणाकडून ताटलीभर काही आलं तर ती ताटली रिकामी परत का करायची नाही? जेवायला बसलेल्या माणसाला नमस्कार का करायचा नाही? आम्ही उत्तरं द्यायचो, ‘तसंच असतं बाई.’ हे उत्तर त्यांना मुळीच चालत नसे. ‘असतं, ते मी पाहते. का असतं?’ असं म्हणून त्या पेन्सिल उचलून वाट बघत बसायच्या. आम्ही मुली एकमेकींकडे बघायचो. आपल्या घरातल्या गोष्टी आपल्याला माहीत नाहीत हे कळण्याची ती माझी पहिली वेळ.

आल्या आल्या त्यांची मोठी पंचाईत झाली ती सोलापूरच्या सात रस्ता चौकात. तिथले दुकानदार येणाऱ्या-जाणाऱ्या ओळखीच्या माणसाला हाक मारायचे, ‘काय बाई, कुटं निघालाव?’ आपण ‘हितंच’ म्हणायचं आणि पुढं जायचं, एवढंच त्यात असतं. बाई मात्र थांबायच्या. कुठे चाललो आहोत, कशासाठी, किती वाजता परत येऊ, हे सगळं नीट पुस्तकी मराठीत सांगायच्या. पुढच्या दुकानासमोर पुन्हा तेच. पोस्टात पोचायला त्यांना तास लागायचा. एक दिवस त्यांनी मला विचारलं, ‘या लोकांना माझी इतकी काळजी का? की मी कुठे जाऊ नये असं त्यांना वाटतं?’ मी सांगितलं की त्यांना उत्तर नकोच असतं. ‘उत्तर नको असेल तर प्रश्न का विचारतात?’ हे त्यांनी मला विचारलं, आणि मी आजतागायत विचार करते आहे.

पण त्या एकट्याच चुकायच्या असं कुणी समजू नये. आमचीही फजिती झाली. पाणी भरणाऱ्या बाईनं एकदा बातमी आणली की पाहुण्या बाईंनी संध्याकाळी डोक्यावरून अंघोळ केली आणि ओले केस सोडून एकट्याच पायरीवर बसल्यात. तिन्हीसांजेला डोक्यावरून पाणी कधी घेतात? कुणीतरी गेल्याची तार आली असणार. आम्ही पाच जणी पदर सावरून त्यांच्या खोलीपुढच्या ओसरीवर गेलो आणि माना खाली घालून बसलो. दुखवट्याच्या घरी बोलायचं नसतं, बसायचं असतं. बाई चकित होऊन बघत राहिल्या. मग आत गेल्या, बिस्किटांचा डबा घेऊन आल्या. कुणीही हात लावला नाही. सुतकाच्या घरचं खायचं कसं? अर्ध्या तासानं आम्ही उठलो आणि एक शब्दही न बोलता, ‘येतो’सुद्धा न म्हणता, निघून आलो. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला बाजूला घेऊन विचारलं, ‘माझ्या बिस्किटांत काही वाईट आहे का?’ मी सांगितल्यावर आधी त्या हसत सुटल्या. मग वही काढून म्हणाल्या, ‘आमच्याकडे अशा घरी माणसं खूप बोलतात. शांतता होऊ नये म्हणून. आणि तुमच्याकडे मेलेलं माणूस सोडून कुणासाठी इतकं गप्प बसता?’ त्यांच्या गावी रोजची अंघोळ संध्याकाळीच असते, कामाचा मळ अंगावर घेऊन झोपायचं नाही म्हणून, हे तेव्हा मला कळलं. मी ते सुट्टीत गावी आईला सांगितलं, तर ती म्हणाली, ‘मळ रातचा आसतोय की सकाळचा, त्यांचं त्यांनाच ठावं.’

तर असे सहा महिने गेले आणि डिसेंबरात मामाचं इथल्या गिरणीतलं काम सुटलं. त्याला बार्शीच्या गिरणीत काम मिळालं. तो बिऱ्हाड हलवणार, म्हणजे मी राहणार कुठे? शाळेला जोडून मुलींचं एक लहानसं वसतिगृह होतं आणि त्या वर्षी त्याची देखरेख पाहुण्या बाईंकडे होती. तिथे जागा होती. प्रश्न होता तो आबांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा. मामाच्या घरी पोरगी ठेवणं वेगळं आणि परक्या मुलखातल्या बाईच्या हाती देणं वेगळं. गावात तर लोक सांगून मोकळे झाले होते की पोरगी बाटवतील. आबांनी ते ऐकून घेतलं. मामाला ते एवढंच म्हणाले, ‘त्यास्नी हुरड्याला घेऊन ये. माणूस कसं हाय ते बगायचं तर त्याला खाताना बगावं. जी बाई माज्या पोरीला दोन येळ वाढणार, ती सोता कशी खाती ते बगतो. मग सांजच्याला काय ते सांगतो.’

म्हणजे माझी परीक्षा होती आणि ती द्यायची होती बाईंनी. त्यांना याची कल्पना नव्हती. मी त्यांना सांगायला हवं होतं, पण ‘तुम्ही कसं खाता ते माझे वडील बघणार आहेत’ हे वाक्य सहा महिन्यांच्या इंग्रजीत काय, सहा वर्षांच्या इंग्रजीतही मला सांगता आलं नसतं. शिवाय त्यांना फार आनंद झाला होता. आमंत्रण मिळाल्यावर त्यांनी पहिला प्रश्न विचारला, ‘किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत?’ त्यांच्याकडे म्हणे बोलावतानाच सांगतात, चार ते पाच. जायची वेळ सांगून पाहुण्याला बोलावतात हे ऐकून मामा दिवसभर हसत होता.

आमचं गाव अक्कलकोटच्या वाटेवर, सोलापूरपासून तीन-साडेतीन कोस. पहाटे मामानं उसनी आणलेली बैलगाडी जुंपली. बाई घोंगडं पांघरून पुढे मामाच्या शेजारी बसल्या आणि त्यांनी वाटेत सगळी चौकशी केली. हे कसलं झाड, त्या मेंढ्या कुणाच्या, त्या शेतात रात्री का बसवतात. मग त्यांनी विचारलं, ‘या वर्षी पीक कसं आहे?’ मामा भोळा. त्यानं खरं ते सांगून टाकलं, ‘औंदा काय राम न्हाय बाई. हस्ताचा पाऊस आलाच न्हाय की. निम्मी जवारी गुडघ्यावरच वाळली.’ पुरतं उजाडल्यावर दोन्ही बाजूंची शेतं त्यांनीही पाहिली. गाव येईपर्यंत मग त्यांनी एकही प्रश्न विचारला नाही. तेव्हाच मला शंका यायला हवी होती.

शेतात आबांनी सगळी तयारी केली होती. ओढ्याकडेच्या एका तुकड्यात तेवढी चांगली कणसं आली होती, आणि हुरड्याला त्यांनी नेमका तोच तुकडा धरला होता. जमिनीत खड्डा करून गोवऱ्या पेटवलेल्या, त्यांच्या आरात, म्हणजे निखाऱ्यांत, कणसं खोचलेली. बाजूला घोंगडी अंथरलेली. शेंगदाण्याची लाल चटणी, गूळ, मडक्यातलं दही. आबा भाजलेलं कणीस हातात घेऊन चोळायचे, फुंकर मारून कोंडा उडवायचे आणि हिरवागार वाफाळता दाणा समोरच्याच्या तळहातावर ओतायचे. हुरडा ताटात वाढत नाहीत. चोळणाऱ्याच्या हातातून खाणाऱ्याच्या हातात, एवढाच त्याचा प्रवास. शेतात शिवाशिव नसते असं आई म्हणायची. घरी तिनं बाईंना ओसरीवर वेगळं पान मांडलं असतं, पण शेतात त्यांच्या गुडघ्याला गुडघा लावून बसली.

आबांनी पहिली मूठ बाईंच्या तळहातावर ओतली. बाईंनी एक चिमूट तोंडात टाकली, ‘छान’ म्हणाल्या आणि उरलेला दाणा तसाच मुठीत धरून बसल्या. आबांनी दुसरं कणीस चोळलं, हात पुढे केला. बाईंनी मान हलवली. आमच्याकडे पहिल्या ‘नको’ला कुणी विचारत नाही, म्हणून आबांनी पुन्हा हात पुढे केला. पुन्हा ‘नको’. तिसऱ्यांदाही ‘नको’. मी बघत होते. बाईंच्या चेहऱ्यावर किळस नव्हती, उलट त्यांना फार वाईट वाटतंय असं दिसत होतं. पण आबा चेहरा बघत नव्हते, मूठ बघत होते. त्यांनी हातातला दाणा हळूच घोंगडीवर ठेवला आणि दुसरीकडे पाहू लागले. त्यांचं ते दुसरीकडे पाहणं मला चांगलं माहीत होतं. माझ्या डोळ्यांसमोर माझी पाटी, पुस्तकं, शाळेची घंटा सगळं उलटं चालायला लागलं.

तेवढ्यात बाई माझ्याकडे वाकून इंग्रजीत हळूच म्हणाल्या, ‘तुझ्या वडिलांना सांग, त्यांनी आता आणखी कणसं कापू नयेत. हे पिकायला हवं. या वर्षी तुम्हालाच पुरणार नाही. मी हे कसं खाऊ?’

आबा म्हणाले, ‘काय म्हणत्यात?’

काय सांगणार? तुमच्या शेतात काही नाही, असं पाहुणीनं तुमच्या शेतात बसून म्हटलं आहे, हे मी माझ्या तोंडानं सांगू? मी म्हणाले, ‘त्यांच्या पोटात दुखतंय.’

खोटं बोलायला मला तेवढंच सुचलं, आणि सुचायला नको होतं. आई ताडकन उठली. तिच्या कमरेच्या पिशवीत ओवा कायम असायचा. तिनं चिमूटभर ओवा, मिठाचा खडा, तळहातावर चोळून बाईंपुढे धरला. ‘चावून खावा. गिळू नगा.’ बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली. बाईंनी ओवा खाल्ला. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. ते बघून आईला वाटलं दुखणं जोरात आहे, म्हणून तिनं दुसरी चिमूट दिली. बाईंनी तीही खाल्ली. मग आईनं त्यांना घोंगडीवर आडवं केलं, पोटाशी ऊन ऊन राखेची पुरचुंडी धरली आणि तिच्या माहेरच्या कन्नडमध्ये कुणा देवाला काहीतरी बोलून घेतलं. एवढी धडधाकट बाई घोंगडीवर उताणी पडून आभाळ बघत होती. मामा बैलांना पाणी दाखवायच्या निमित्तानं पसार झाला.

आई जरा बाजूला झाल्यावर बाई आडव्या पडूनच म्हणाल्या, ‘चंपा, तू त्यांना काय सांगितलंस?’ मी सांगितलं. ‘का?’ त्यांच्या आवाजात राग नव्हता. तोच नेहमीचा प्रश्न होता, वही नसलेला. आणि त्या दिवशी ‘तसंच असतं बाई’ म्हणून माझी सुटका नव्हती. मी इंग्रजी, मराठी, हातवारे सगळं वापरून सांगितलं की तुम्ही खाल्लं नाही म्हणजे आमचं शेत रिकामं आहे असं तुम्ही मोठ्यानं बोललात. आणि आबांनी शेतातला चांगला तुकडा तुमच्यासाठी ठेवला होता. आणि आता मी शाळेत येणार नाही. शेवटचं सांगताना मला रडू फुटलं.

बाई उठून बसल्या. पोटावरची राखेची पुरचुंडी त्यांनी नीट बाजूला ठेवली, माझा हात धरला आणि सरळ आबांसमोर जाऊन बसल्या. म्हणाल्या, ‘मी बोलते. जे अडेल ते तू सांग. पण जसं आहे तसं सांग.’ मला स्वतःच्या चोरीची स्वतःच दवंडी पिटायची होती.

‘माझ्या पोटात दुखत नाही,’ बाई मराठीत म्हणाल्या.

आबा माझ्याकडे वळले. ‘चंपे?’

‘मी खोटं बोलले,’ मी म्हणाले.

‘साळंत ह्येच शिकीवत्यात व्हय?’ असं म्हणून आबा उठायलाच लागले. पण मग ते मध्येच थांबले, पुन्हा बसले आणि बाईंना म्हणाले, ‘दुखत न्हाय तर मग ओवा कशापायी खाल्लाव?’

बाईंनी जरा विचार केला. ‘दिला म्हणून,’ त्या म्हणाल्या.

‘दोनदा?’

‘दोनदा दिला.’

आबांच्या मिशा हलल्या. मग ते हसले. हसता हसता त्यांना ठसका लागला. ‘आगं ऐकलंस का,’ ते आईला म्हणाले, ‘दिला म्हणून कडू ओवा खाल्ला, आन ग्वाड हुरडा न्हाय खाल्ला! ह्यांच्या गावाला उलटंच हाय की सगळं.’

त्यानंतर त्या दोघांचं जे बोलणं झालं, ते मी मधे बसून इकडून तिकडे पोचवलं. बाईंचे वडील शेतकरी. डोंगराच्या पायथ्याशी ओटचं शेत. तिकडे पिकलेलं धान्य उभं असताना पाऊस येतो आणि सगळं कुजवतो, म्हणून सुगीच्या दिवसांत लोक देवळात जाऊन म्हणतात, आता पाऊस नको. हे ऐकून आबांनी मला तीनदा विचारलं, ‘नको म्हणत्यात? नीट इचार, नको?’ बाई म्हणाल्या, नको. आबा बराच वेळ आपल्या वाळक्या ज्वारीकडे बघत राहिले. जगात पाऊस नको म्हणणारीही माणसं आहेत, हे त्यांना पचवायला ओवाच हवा होता. बाई पुढे म्हणाल्या, आमच्याकडे हिरव्या कणसाला हात लावला तर वडील मारायचे. पिकायच्या आत खाणं म्हणजे घरातलं चोरून खाणं. तुम्ही या वर्षीसुद्धा हिरवं का खाता? आणि दुसऱ्यांना बोलावून का देता?

आबांनाही हा प्रश्न कुणी विचारला नसणार. पण ते ‘तसंच असतं’ म्हणाले नाहीत. ते म्हणाले, ‘पिकलं की त्ये खळ्यात जातंय, कणगीत जातंय, बाजारात जातंय. कुनाकुनाचं हुतंय. हिरवं हाय तंवर त्ये वाटंवरच्या मानसाचं. पाखरं खात्यात, मुंग्या खात्यात, त्यास्नी इचारतो का मी, पुरंल का म्हनून? आन औंदा कमी हाय म्हनून तर बोलवावं लागतंय बाई. भरपूर आसतंय तवा कुनी बी येतंय, बोलवायाच लागत न्हाय.’

हे इंग्रजीत सांगायला मला फार वेळ लागला. बाईंनी मधे एकदाही घाई केली नाही. सगळं ऐकून झाल्यावर त्यांनी दोन्ही तळहात जोडून आबांपुढे पसरले. आबांनी कणीस घेतलं. मग बाई जे खायला बसल्या! चटणीशी खाल्ला, दह्याशी खाल्ला, गुळाशी खाल्ला. गालाला काळं लागलं, कोंडा नाकात गेला, शिंका आल्या. स्वतः एक कणीस चोळायला घेतलं आणि हात भाजून घेतला. चोळलेला दाणा त्यांनी आईच्या हातावर ओतला. आई आधी बिचकली, मग आबांकडे पाहून तिनं तो तोंडात टाकला.

ऊन उतरायला लागलं तेव्हा आबांनी बाईंना एक प्रश्न विचारला. मला वाटतं, तो ते सकाळपासूनच मनात धरून होते. म्हणाले, ‘तुमच्या बापानं तुमाला एवढ्या लांब कसं सोडलं?’

मी सांगितलं. बाई हातावरचा कोळसा पुसत होत्या, त्या थांबल्या. म्हणाल्या, ‘नाही सोडलं. मी आले.’ ज्या सकाळी त्या निघाल्या, त्या सकाळी वडील शेतात होते. आई स्टेशनवर आली, वडील आले नाहीत. आगगाडी त्यांच्या शेताच्या कडेनंच जाते. बाईंनी खिडकीतून हात केला. वडिलांनी मान वर केली नाही. आई दर आठवड्याला पत्र लिहिते. वडिलांची अजून एक ओळ नाही. ‘ते रागावले आहेत की नाही, तेही मला माहीत नाही,’ बाई म्हणाल्या. ‘आमच्याकडे असं विचारत नाहीत.’

आईनं डोळ्याला पदर लावला. आमच्याकडेही असं विचारत नाहीत, हे मला सांगावंसं वाटलं, पण ते कुणी सांगायला सांगितलं नव्हतं.

परतीची गाडी जुंपली. माझं गाठोडं आईनं बांधून ठेवलं होतं, पण मी गाडीत बसायचं की नाही ते कुणी सांगेना. बाई बसल्या. मामानं कासरा हातात घेतला. मी गाठोड्याजवळ उभी. आबा आले, त्यांनी गाठोडं उचललं आणि गाडीत टाकलं. मग मलाही तसंच उचललं आणि गाठोड्याशेजारी ठेवलं. बारा वर्षांच्या घोडीला उचलायचं काही कारण नव्हतं. मी इतकी भांबावले होते की मला आनंद व्हायचाही राहून गेला. आईनं माझ्या तोंडावरून हात फिरवला. तिचे हात ओव्याच्या वासाचे होते.

पाहुण्याला शिवेपर्यंत पोचवायचं असतं. आबा गाडीच्या बाजूनं चालायला लागले. गावाची शीव म्हणजे एक शेंदूर लावलेला दगड. तिथे गाडी थांबते, पोचवायला आलेलं माणूस ‘सांबाळून जावा’ म्हणतं आणि मागं फिरतं. मामानं बैल थांबवले. आबा थांबले नाहीत. ते दगडाच्या पुढे गेले, वळून मामाला म्हणाले, ‘हाण की, थांबलास कशाला?’ मामानं त्यांना दोनदा गाडीत बसायला सांगितलं. ‘बैलावर वजन व्हतंय,’ म्हणाले. बाई मला खुणेनं विचारत होत्या, काय चाललं आहे, हेही रिवाजातलं आहे का? मी म्हणाले, नाही. याआधी असं कधी पाहिलं नव्हतं.

आबा चाकाच्या बाजूला चालत राहिले, पायांत कर्रकर्र वाजणाऱ्या वहाणा आणि खांद्यावर घोंगडं. सोलापूरच्या गिरण्यांची धुराडी दिसायला लागली तेव्हा दिवस मावळत होता. शाळेच्या फाटकाशी आबांनी गाठोडं उतरवलं, मला उतरवलं आणि आमच्या दोघींना बघत उभे राहिले. बाईंनी त्यांना आत बोलावलं, चहा घ्या म्हणाल्या. आबांनी हातानंच नको म्हटलं. जायला वळले, दोन पावलं गेले आणि पुन्हा मागे आले. मला काही सांगतील म्हणून मी पुढे झाले, पण ते बाईंशीच बोलले, सावकाश, एकेक शब्द सुटा करून, म्हणजे मधे मी लागू नये.

‘बाई, बाप लोकास्नी येळ लागतोय. मला तीन कोस लागले. तुमच्या बापाला मदी समिंदर हाय.’